लेकीच्या नवव्या वर्षीचा प्रश्न

ठाणे-डोंबिवलीच्या सुशिक्षित घरात मुलाच्या बोटावर चामखीळ उठली, तर कोणी दचकत नाही. आजी चुना लावावयास सांगते, आई दुर्लक्ष करते, आणि बहुधा वर्षा-दोन वर्षांत ती आपोआप झडून जाते. परंतु ही चामखीळ ज्या विषाणुकुलाची देणगी आहे, त्याचे नाव निघताच याच घरातील आवाज एकाएकी खाली जातो. ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही, हे ते कुल होय. त्याचे दोनशेहून अधिक प्रकार ज्ञात आहेत आणि त्यांपैकी बहुतेक निरुपद्रवी आहेत. 16 व 18 क्रमांकाचे प्रकार मात्र गर्भाशयमुखाच्या सुमारे सत्तर टक्के कर्करोगांच्या मुळाशी असतात. 2022 या एका वर्षात भारतात या रोगाच्या सुमारे सव्वा लाख नव्या रुग्णांची आणि ऐंशी हजारांच्या आसपास मृत्यूंची गणना झाली.

हा मोठ्यांचा रोग, पोरांचा त्याच्याशी काय संबंध, असे विचारणारे पालक पुष्कळ आहेत. संबंध आहे. फिनलंडमधील तुर्कू येथील संशोधकांनी काही शेकडो कुटुंबे वर्षानुवर्षे तपासली, तेव्हा तान्ह्या मुलांच्या तोंडातही हा विषाणू आढळला. बहुतेकांच्या शरीरातून तो निघूनही गेला. प्रसूतीच्या वेळी तो आईकडून बाळाकडे जाऊ शकतो. क्वचित त्यातील 6 व 11 क्रमांकाचे प्रकार मुलाच्या स्वरयंत्रात गाठी उत्पन्न करतात. आवाज घोगरा होतो, श्वास अडतो, आणि कोवळ्या वयात पुनःपुन्हा शस्त्रक्रिया सोसाव्या लागतात.

येथे एक नाजूक गोष्टही स्पष्ट सांगितली पाहिजे. लहान मुलाच्या गुप्तांगाजवळ चामखीळ दिसली, तर त्यावरून कोणावर आळ घेणे जितके अनुचित, तितकेच ती लपविणेही घातक. तिचे कारण प्रसूतीत असू शकते, हाताच्या स्पर्शात असू शकते, आणि अत्याचारातही असू शकते. तो निवाडा शेजारणीने नव्हे, जाणत्या डॉक्टरने मुलाला विश्वासात घेऊन करावयाचा असतो.

लस नऊ ते चौदा या वयात द्यावी असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, त्याचे कारण साधे आहे. ही लस आधीच झालेला संसर्ग बरा करीत नाही. ती त्याच्या आधी पोहोचली पाहिजे. शिवाय या वयात शरीर तिला अधिक जोमाने प्रतिसाद देते. "पोर अजून बाहुल्यांशी खेळते, तिला हे कशाला?" असे म्हणणाऱ्या आईला आमचे उत्तर एवढेच, की बाहुल्यांचे वय हेच तिचे वय आहे. धनुर्वाताची सुई आपण खिळा रुतण्याची शंका धरून देतो. त्यात मुलाच्या चालण्यावर अविश्वास नसतो.

तथापि पालकांची शंका केवळ अज्ञानातून आलेली आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. 2009 मध्ये आंध्रातील खम्मम व गुजरातेतील बडोदा जिल्ह्यांत या लसीचा प्रकल्प चालला आणि सात मुलींच्या मृत्यूनंतर एप्रिल 2010 मध्ये तो थांबविण्यात आला. त्या मृत्यूंचा लसीशी संबंध चौकशीत आढळला नाही. परंतु कित्येक मुलींच्या संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्या होत्या, हे उघड झाले. दोष लसीचा नसून पालकांना न विचारण्याचा होता, आणि तो दोष लहान नव्हे. याच गदारोळात बार्शी, पुणे इत्यादी केंद्रांवरील दुसऱ्या एका अभ्यासाचे लसीकरणही अर्ध्यावर थांबले. कित्येक मुलींना एकच मात्रा मिळाली होती. पुढे दहा वर्षे त्यांचा मागोवा घेतल्यावर 2021 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की ती एक मात्राही 16 व 18 क्रमांकांच्या चिवट संसर्गापासून जवळजवळ पूर्ण संरक्षण देते. अपघाताने हाती आलेले हे ज्ञान सोलापूर-पुण्याच्या मुलींनी जगाला दिले, याची आपल्याकडे फारशी वार्ताही झाली नाही! 2023 पासून पुण्याच्या सीरम संस्थेची स्वदेशी लसही बाजारात आली आहे.

आयांनीही स्वतःकडे पाहावे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासात, आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणल्याचे 2009 मध्ये दिसून आले. ज्या कल्याणात आनंदीबाई जोशी वाढल्या, तेथे स्त्रीने संकोचापायी दुखणे अंगावर काढावे याचे आम्हांस विशेष वाईट वाटते. पुरुष डॉक्टरांपुढे स्त्रिया बोलत नाहीत, म्हणून तर ती मुलगी सातासमुद्रापार गेली आणि 1886 मध्ये डॉक्टर झाली.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांनी आपल्या शाळांतून पालकसभा बोलवाव्यात, आणि खासगी शाळांनीही त्यात मागे राहू नये. सभा रविवारी असावी, कारण सकाळच्या लोकलने मुंबईस जाणाऱ्या बापाला अन्य दिवशी सवड नसते, आणि हा प्रश्न एकट्या आईवर सोपविण्याजोगा नाही. बोलावयास स्त्री-डॉक्टर असावी. दुष्परिणामांविषयी विचारले तर तिने ते लपवू नयेत: दंड दुखतो, ताप येतो, क्वचित भोवळ येते, म्हणून सुईनंतर पंधरा मिनिटे मुलीला बसवून ठेवतात. ऑस्ट्रेलियाने 2007 मध्ये मुलींना ही लस देण्यास आरंभ केला. स्वरयंत्रातील त्या गाठींचे 2012 मध्ये तेथे सात नवे बालरुग्ण नोंदले गेले होते, 2016 मध्ये एकच.