प्रवाळ मत्स्यालयातील प्रकाशयोजना

प्रवाळ मत्स्यालयातील प्रकाशयोजना म्हणजे खाऱ्या पाण्याच्या टाकीतील प्रवाळ, महाशिंपले व तत्सम प्रकाशावलंबी सागरी प्राण्यांना जगण्यास आवश्यक तेवढा प्रकाश कृत्रिम दिव्यांनी पुरवण्याची व्यवस्था होय. केवळ माशांच्या टाकीत दिवा मुख्यतः पाहणाऱ्याच्या सोयीसाठी असतो. प्रवाळांच्या टाकीत तो प्राण्यांच्या अन्ननिर्मितीचे साधन असतो. त्यामुळे दिव्याची निवड प्राण्याची प्रजाती, टाकीची खोली व पाण्याचे तापमान यांवर ठरते. भारतात अश्ममय प्रवाळ आणि महाशिंपल्यांच्या काही प्रजाती कायद्याने संरक्षित असल्याने, कोणता प्राणी बाळगता येतो हा प्रश्न दिव्याच्या निवडीआधी येतो.

जैविक आधार

उथळ उष्णकटिबंधीय समुद्रातील बहुतेक प्रवाळांच्या ऊतींमध्ये झूझँथेली नावाचे एकपेशीय शैवाल सहजीवी म्हणून राहतात. ते प्रकाशसंश्लेषणाने शर्करा व इतर कार्बनी पदार्थ तयार करतात आणि त्यांतील मोठा वाटा यजमान प्राण्यास मिळतो. ट्रायडॅक्ना प्रजातीतील महाशिंपले हेच शैवाल आपल्या रंगीत प्रावारात सांभाळतात व शिंपा उघडून प्रावार प्रकाशाकडे पसरतात. शिंपले पाणी गाळून सूक्ष्म अन्नही मिळवतात. तथापि प्रकाश अपुरा असल्यास केवळ त्या अन्नावर त्यांचा दीर्घकाळ निभाव लागत नाही.

अपुऱ्या प्रकाशात प्राणी हळूहळू क्षीण होतो. याउलट अचानक तीव्र प्रकाश पडल्यास, विशेषतः पाणी उष्ण असताना, प्राण्याच्या शरीरातील शैवाल नष्ट होतात किंवा बाहेर टाकले जातात व तो पांढरा पडतो. या प्रक्रियेस विरंजन म्हणतात. प्रकाशाची कमतरता आणि अतिरेक अशा दोन्हींमुळे प्राणी दगावू शकतो.

प्रकाशाचे मापन

दिव्याचे वॅट हे विजेच्या वापराचे माप आहे, प्रकाशाचे नव्हे. लक्स हे एकक मानवी डोळ्याच्या संवेदनशीलतेवर आधारलेले असल्याने शैवालास मिळणाऱ्या प्रकाशाचा नेमका अंदाज देत नाही. त्यासाठी ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचे किती प्रकाशकण दर सेकंदास एक चौरस मीटरवर पडतात हे मोजले जाते. या पट्ट्यास प्रकाशसंश्लेषक किरणे म्हणतात व माप मायक्रोमोलमध्ये दिले जाते. उष्णकटिबंधात निरभ्र दुपारी पृष्ठभागावर हे माप सुमारे २,००० असते. पाण्यात खोलीनुसार ते झपाट्याने घटते.

मत्स्यालयात मऊ प्रवाळ व छत्रीसारखे चपटे प्रवाळसदृश प्राणी यांना साधारणतः ५० ते १५० मायक्रोमोल पुरतात. ॲक्रोपोरासारख्या फांद्यांच्या अश्ममय प्रवाळांना २०० ते ४०० लागतात. महाशिंपल्यांपैकी ट्रायडॅक्ना मॅक्झिमा व ट्रायडॅक्ना क्रोशिया यांना अधिक, तर ट्रायडॅक्ना स्क्वामोसा व ट्रायडॅक्ना डेरासा यांना तुलनेने कमी प्रकाश चालतो. तीव्रतेइतकेच कालावधीसही महत्त्व असते. २०० मायक्रोमोल प्रकाश १० तास मिळाल्यास दिवसाची एकूण मात्रा प्रति चौरस मीटर ७.२ मोल होते.

तरंगलांबी

पाणी तांबडा प्रकाश सर्वप्रथम शोषून घेते. निळा प्रकाश सर्वांत खोल पोहोचतो. झूझँथेलीतील हरितद्रव्य व पेरिडिनिन ही रंगद्रव्ये निळ्या पट्ट्यातील प्रकाश प्रभावीपणे वापरतात. म्हणून प्रवाळांच्या दिव्यांत ४२० ते ४७० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाचे प्रमाण अधिक ठेवतात. निळ्या प्रकाशात प्रवाळांतील प्रथिने हिरवी, केशरी व तांबडी चमकतात. परंतु ही चमक पुरेशा प्रकाशाचे प्रमाण मानता येत नाही.

दिव्यांचे प्रकार

मेटल हॅलाइड दिवे तीव्र व खोलवर पोहोचणारा प्रकाश देतात, मात्र त्यांची उष्णता व वीजखर्च मोठा असतो. टी-५ नळ्यांचा प्रकाश सर्वत्र सारखा पसरतो व सावल्या कमी पडतात. नळ्यांचा प्रकाश हळूहळू बदलत असल्याने त्या साधारणतः वर्षभरात बदलाव्या लागतात. एलईडी दिव्यांत तीव्रता व रंग स्वतंत्रपणे नियंत्रित करता येतात आणि पाण्याकडे जाणारी उष्णता कमी असते. मात्र त्यांचा प्रकाश एकवटलेला असल्यास दिव्याखाली अतिरेक व कडेला सावली अशी स्थिती होते. २५० वॅटचे दोन हॅलाइड दिवे रोज १० तास लावल्यास ५ युनिट, तर १५० वॅटचा एलईडी दिवा तेवढाच वेळ लावल्यास १.५ युनिट वीज लागते.

नवा दिवा प्रथम कमी तीव्रतेवर लावून काही आठवड्यांत वाढवत नेतात. नवा प्राणी आधी तळाशी ठेवून मग वर सरकवतात. कवचाच्या कडेला नव्या वाढीची पांढरी रेषा दिसणे हे शिंपल्याच्या सुस्थितीचे लक्षण आहे. प्रावार आक्रसून राहणे ही धोक्याची सूचना होय.

समुद्रापासून दूरच्या उष्ण भागांतील अडचणी

यवतमाळ जिल्ह्यासारख्या विदर्भातील भागांत उन्हाळ्यात दिवसाचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते, तर प्रवाळांच्या टाकीचे पाणी साधारणतः २४ ते २७ अंशांदरम्यान राखावे लागते. अशा ठिकाणी दिव्याची उष्णता हा निवडीचा निर्णायक निकष ठरतो. पाण्याच्या पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडल्यास बाष्पीभवनाने पाणी काही अंश थंड होते. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत हा उपाय प्रभावी ठरतो, परंतु पावसाळ्याच्या दमट हवेत त्याचा उपयोग घटतो. कडक उन्हाळ्यात केवळ पंखा पुरत नाही व पाणी थंड करणारे यंत्र लागते. उडालेल्या पाण्याची भरपाई गोड्या पाण्याने करतात, कारण मीठ टाकीतच राहते.

जिल्ह्यातील अनेक ठिकाणच्या भूजलात नायट्रेटचे प्रमाण जास्त आहे. असे पाणी थेट वापरल्यास तीव्र प्रकाशात काचेवर व खडकांवर नको असलेले शेवाळ वाढते; म्हणून आरओने शुद्ध केलेले पाणी घेतात. वीज गेल्यास उपलब्ध बॅटरीवर प्रथम पाणी फिरवणारा पंप चालवावा लागतो. एखादा दिवस अंधारात काढणे बहुतेक प्रवाळांना शक्य असते. पाणी स्थिर राहून प्राणवायू संपल्यास मात्र काही तासांतच प्राणी मरू शकतात.

भारतातील कायदेशीर स्थिती

सर्व अश्ममय प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ व समुद्रपंखे २००१ मध्ये वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत समाविष्ट झाले. ट्रायडॅक्ना मॅक्झिमा, ट्रायडॅक्ना स्क्वामोसा व हिप्पोपस हिप्पोपस हे महाशिंपलेही त्याच अनुसूचीत आहेत. हे प्राणी पकडणे, विकणे वा परवानगीविना बाळगणे हा गुन्हा असून त्यास किमान ३ व कमाल ७ वर्षे कारावासाची तरतूद आहे. महाशिंपल्यांच्या सर्व प्रजाती व अश्ममय प्रवाळ यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचे नियंत्रण आहे. २०२२ च्या दुरुस्तीने या करारातील प्रजातींसाठी नोंदणीची तरतूदही अधिनियमात आली.

या संरक्षणाची व्याप्ती महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर दिसते. मुंबईतील सागरी किनारा मार्गाच्या कामात २०२० मध्ये वरळी व हाजी अली येथील प्रवाळ वसाहती हलवण्यासाठी वन विभागाची परवानगी घ्यावी लागली. सिंधुदुर्ग जिल्ह्यात १९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्यात पोराइट्ससारखे गोलाकार व पसरट प्रवाळ तुलनेने गढूळ पाण्यात वाढतात. पाणी आणखी गढूळ झाल्यास त्यांना मिळणारा प्रकाश घटतो.

झोअँथिड व कोरॅलिमॉर्फ हे मत्स्यालयात ठेवले जाणारे प्राणी अश्ममय प्रवाळांच्या गणात मोडत नाहीत व त्यांना मध्यम प्रकाश पुरतो. कोणताही प्राणी घेण्यापूर्वी त्याचे शास्त्रीय नाव प्रचलित अनुसूचीशी ताडून पाहणे व विक्रेत्याकडून खरेदीची कागदपत्रे घेणे आवश्यक असते. प्राणी निश्चित झाल्यावरच त्याला लागणारा प्रकाश, टाकीची खोली आणि दिवा ठरवता येतो.