नव्या वर्षाचा संकल्प : झेपेल तेवढा, पण पुरा

१ जानेवारीला भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना देऊन आपली माणसे घरी परततात, तेव्हा मनात नवी उमेद असते. ‘यंदा पन्नास हजार शिल्लक टाकायचीच’ असा संकल्प होतो. मग जून येतो, मुलांची वह्या-पुस्तके येतात, घरात कुणी आजारी पडते आणि संकल्प मोडतो. आपल्या हातून काही व्हायचे नाही, असे वाटू लागते. आमच्या मते यात दोष माणसाचा नसतो, आकड्याचा असतो.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहे : एक उपभोगासाठी, दोन कामधंद्यासाठी आणि चौथा अडीअडचणीसाठी. रोजंदारीवर चालणाऱ्या घराला चौथा हिस्सा बाजूला काढणे जमत नाही, हे आपण मोकळेपणाने मान्य करू. अशा घराला व्यग्घपज्ज सुत्त अधिक जवळचे आहे. त्यात भगवंतांनी कोलिय दीघजाणूला सांगितले, की मिळकत आणि खर्च तराजूत तोलावा तसा तोलून संसार करावा. तोलायचे तर आधी मोजले पाहिजे. म्हणून पहिला संकल्प वहीचा. जानेवारीचा सबंध महिना चहा-तंबाखूपासून जयंतीच्या वर्गणीपर्यंत प्रत्येक खर्च लिहावा. वही घरातल्या कारभारणीने आणि धन्याने मिळून लिहावी. दोघांपैकी एकाने लपवले तर हिशेब कधीच जुळत नाही.

समजा, नवरा कंत्राटी सफाई कामगार आहे, बायको धुणीभांडी करते आणि दोघांचे मिळून महिन्याला २२,००० रुपये येतात. घरभाडे ६,०००, किराणा व गॅस ७,५००, वीज व मोबाईल १,५००, प्रवास १,५००, मुलांची शाळा २,०००, औषधपाणी व किरकोळ १,५००. हे झाले २०,०००. शिवाय लग्नासाठी सावकाराकडून काढलेले २०,००० रुपये डोक्यावर आहेत. दर शेकडा ५ रुपये महिना, म्हणजे १,००० रुपये नुसते व्याज. उरले १,०००. या घराने पन्नास हजारांचा संकल्प केला तर तो पहिल्याच महिन्यात मोडणार.

या घराचा खरा संकल्प एकच : कर्जातून सुटणे. नुसते व्याज भरत राहिले तर वर्षाला १२,००० रुपये जातात आणि मुद्दल जागच्या जागी राहते. तेच २०,००० बचत गटाकडून शेकडा २ रुपये दराने घेऊन सावकाराचे देणे फेडले, गटाने उरलेल्या मुद्दलावरच व्याज लावले आणि दरमहा १,९०० रुपयांचा हप्ता भरला, तर बाराव्या हप्त्याला कर्ज संपते. उरलेल्या १०० रुपयांत पोस्टाचे आवर्ती ठेव खाते चालू होते. तेवढ्यावरही ते उघडता येते. पुढच्या वर्षी हप्त्याचे १,९०० मोकळे होतात. म्हणजे दरमहा २,००० रुपये, वर्षाला २४,०००. मुलीच्या कॉलेजप्रवेशाला ते कामी येतील. भगवंतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली, त्यांतले एक ऋणमुक्तीचे आहे. ज्याच्या दारात सावकाराचा माणूस उभा राहिला आहे, त्याला ते समजावून सांगावे लागत नाही.

कर्ज सगळेच वाईट नसते. परमपूज्य बाबासाहेबांनी १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी पत्करली, ती अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करायचे म्हणून. त्या पगारातून साठवलेले पैसे, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज, एवढ्या बळावर ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले. इकडे माता रमाईंनी हालअपेष्टा सोसून संसार सांभाळला. शिक्षणासाठी काढलेले कर्ज आणि मंडप-वाजंत्रीसाठी काढलेले कर्ज यांतला फरक आपण विसरता कामा नये. लग्न बौद्ध पद्धतीने साधेपणाने विहारात लावले, तर कित्येक घरांत सावकार शिरणारच नाही.

आणखी एक गोष्ट लगेच होण्यासारखी आहे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघाती विमा मिळतो. गटारात उतरणाऱ्या, परातीवर चढणाऱ्या आपल्या माणसांनी बँकेत जाऊन तो अर्ज याच महिन्यात भरावा. खात्यात तेवढी रक्कम शिल्लक आहे ना, हे दरवर्षी मे महिन्यात पाहावे, कारण हप्ता तेव्हाच कापला जातो.

मध्येच एखादा महिना खाडे पडतील, हप्ता चुकेल. तेव्हा वही फेकून देऊ नये. गटातल्या बायांना खरे सांगावे आणि पुढच्या महिन्यापासून पुन्हा भरावे. पुढच्या १ जानेवारीला विजयस्तंभासमोर उभे राहताना डोक्यावरचे ओझे उतरलेले असावे, एवढीच आमची सदिच्छा.

जयभीम!