कालवा, चारी आणि संगणकाची आज्ञावली

पूर्णा नदीवरची दोन धरणे आपल्या भागातील माणसाला नव्याने सांगायला नकोत. वर जिंतूर तालुक्यात येलदरी आणि खाली सिद्धेश्वर. १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा सिद्धेश्वर त्या जिल्ह्यात गेले. येलदरीतून सोडलेले पाणी सिद्धेश्वरात येते, तिथून कालवा निघतो, कालव्यातून वितरिका, वितरिकेतून चारी, आणि चारीतून रान भिजते. वरचे काम झाल्याशिवाय खालचे होत नाही. हे मनात धरले, की आजचा विषय सोपा जाईल. विषय आहे संगणकाच्या मोठ्या आज्ञावलीची बांधणी.

आज्ञावली म्हणजे यंत्राने काय करावे याची लिहून दिलेली कृती. माणूस ती आपल्याला वाचता येईल अशा रीतीने लिहितो. बहुतेक वेळा ती यंत्राला चालेल अशा रूपात आणावी लागते आणि मग तिचे तुकडे एकत्र जोडावे लागतात. या कामाला बांधणी म्हणतात. आज्ञावली मोठी असली, की तिचे उपप्रकल्प पाडतात. एका उपप्रकल्पाला दुसऱ्याची गरज लागते, तेव्हा पहिला दुसऱ्यावर अवलंबून आहे असे म्हणायचे.

एक उदाहरण घेऊ. समजा, शेतकऱ्यांसाठी मोबाइलवरचे एक ॲप करायचे आहे. त्याचे चार भाग केले. पहिला मोजमापाचा. ४० गुंठ्यांचा एकर आणि सुमारे २.४७ एकरांचा हेक्टर, हा हिशेब त्यात. दुसरा भाग खताचा, तिसरा बियाण्याचा. या दोघांनाही मोजमाप लागते. चौथा भाग पडद्याचा, म्हणजे शेतकऱ्याला जे दिसते ते. त्याला खत आणि बियाणे दोन्ही लागतात. आता क्रम उघडच आहे. आधी मोजमाप, मग खत आणि बियाणे, जी एकाच वेळी बांधता येतील, कारण त्यांचे एकमेकांवाचून अडत नाही, शेवटी पडदा.

आता मोजमापात एक चूक सापडली असे धरा. शेतकरी एकर लिहितो आणि यंत्र हेक्टर समजते. म्हणजे खताचा आकडा जवळजवळ अडीचपट येणार! चूक लगेच दुरुस्त केली. पण खताचा भाग पुन्हा बांधायचा राहिला, आणि त्याच्या पोटात जुनेच मोजमाप बसून राहिले. कागदावर दुरुस्ती झाली, शेतकऱ्याच्या हातात मात्र चुकीचाच आकडा. पैसा जातो तो जातो, शिवाय पिकाचेही नुकसान.

नेमकी हीच अडचण फार पूर्वी आली होती. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टीव्ह जॉन्सन यांनी अख्खी सकाळ एका चुकीचा शोध घेण्यात घालवली. चूक आधीच दुरुस्त झालेली होती. फक्त तो भाग पुन्हा बांधलेला नव्हता. त्यांचे सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांनी त्यावरून १९७६ साली ‘मेक’ नावाचे साधन तयार केले. कोणता भाग कशावर अवलंबून आहे, हे त्याला लिहून द्यायचे. मग मूळ मजकूर नवा आणि बांधलेला भाग जुना असे दिसले, की मेक तेवढाच भाग आणि त्यावर अवलंबून असलेले भाग पुन्हा बांधते. बाकीच्यांना हात लावत नाही. वेळ वाचतो आणि विसरही पडत नाही.

पुढे लोकांनी प्रत्येक उपप्रकल्पाला आपापला वेगळा मेक दिला. त्यात खोट निघाली. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात पीटर मिलर यांनी ती दाखवून दिली. प्रत्येक मेकला स्वतःचेच अंगण दिसते. सगळ्या प्रकल्पाचा नकाशा कुणाकडेच नसतो. चारीवरच्या माणसाला वरचे धरणच ठाऊक नसेल, तर पाण्याची पाळी लागायची कशी? म्हणून संपूर्ण अवलंबनाचा नकाशा एके ठिकाणी असावा. अँड्रॉइड मोबाइलच्या ॲपसाठी वापरले जाणारे ‘ग्रेडल’ हे साधन असाच सगळ्या उपप्रकल्पांचा मिळून नकाशा मांडते.

तीन पथ्ये ध्यानात ठेवावीत. पहिले, जे वापरता ते स्वतः नोंदवा. पडद्याला मोजमाप थेट लागत असेल, तर ‘खताबरोबर ते येतेच की’ म्हणून गप्प बसू नये. उद्या खताने मोजमाप सोडले, की पडदा कोसळेल. दुसरे, घरातले आणि दारातले वेगळे ठेवा. एखादी गोष्ट भागाच्या आतल्या कामापुरती असेल, तर ती बाहेर दाखवू नये. म्हणजे ती बदलली तरी वरच्या सगळ्यांना पुन्हा बांधावे लागत नाही. तिसरे, फेरा होऊ देऊ नका. खताला पडदा हवा आणि पडद्याला खत, तर आधी कोण? अशा वेळी दोघांना लागणारे जे सामाईक असेल, ते काढून तिसरा भाग करावा आणि दोघांनी त्यावर अवलंबावे.

शिक्षक बंधुभगिनींनो, हे शिकवायला संगणकच हवा असे नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनाची कामे चिठ्ठ्यांवर लिहा आणि मुलांना बाण काढायला सांगा: कशावाचून काय अडते? मग एक चिठ्ठी बदला आणि विचारा, आता कोणती कामे पुन्हा करावी लागतील आणि कोणती नाहीत? ज्या मुलाला हे अचूक सांगता आले, त्याला बांधणीचे मर्म कळले.