पदवीचं समाजशास्त्र आणि येलहंक्याची पायपीट

समाजशास्त्राच्या पदवीचा निम्मा अभ्यास वर्गाबाहेर व्हायला हवा, असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी बंगळुरूतल्या येलहंक्याइतकी सोयीची जागा मला दुसरी दिसत नाही. १५३७ मध्ये बंगळुरू वसवणारे पहिले केंपेगौडा येलहंक्याच्या नाडप्रभूंच्या, म्हणजे स्थानिक सरदारांच्या, घराण्यातले, म्हणजे हे गाव शहराहून जुनं. इथे जुनं गावठाण आहे, तळं आहे, गृहनिर्माण मंडळाचं न्यू टाऊन आहे, हवाई दलाचा तळ आणि रेल्वेच्या चाकांचा कारखाना आहे. २००७ मध्ये इथली नगरपालिका बंगळुरू महानगरपालिकेत विलीन झाली, २००८ मध्ये देवनहळ्ळीला विमानतळ सुरू झाला आणि जमिनीचे भाव, माणसं, भाषा सगळंच बदललं. जात, वर्ग, स्थलांतर, नागरीकरण ही क्रमिक पुस्तकातली प्रकरणं इथे एकाच रस्त्यावर भेटतात.

गाव शहराच्या कवेत जाताना त्याचं काय होतं, या प्रश्नाचा पाया मराठी मुलखातच घातला गेला. थॉमस कोट्स या इंग्रज डॉक्टरानं १८२० च्या सुमारास पुण्याजवळच्या लोणी गावाची शेती, बलुतेदार, घरं, कर्जं यांचं बारकाईनं वर्णन लिहून ठेवलं. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी त्याच लोणीचा, म्हणजे लोणीकंदचा, पुन्हा अभ्यास केला आणि सव्वाशे वर्षांतला फरक मांडणारं पुस्तक १९६० मध्ये प्रसिद्ध केलं. लोणीकंदवरून जाणारा आजचा नगर रस्ता पाहिलेल्या कुणालाही वाटेल की तिसरी पाहणी आता व्हायला हवी. तशीच पहिली पाहणी येलहंक्यात का होऊ नये?

घुर्ये मालवणचे, संस्कृतचे विद्यार्थी. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये पॅट्रिक गेडीस यांनी समाजशास्त्राचा विभाग उभा केला. शहर आधी नीट पाहावं, मग त्याचा आराखडा करावा, हा गेडीस यांचा आग्रह. १९२४ पासून घुर्ये विभागप्रमुख झाले. इरावती कर्वे त्यांच्याच विद्यार्थिनी. म्हैसूरच्या महाराजा कॉलेजात सामाजिक तत्त्वज्ञान शिकलेले एम. एन. श्रीनिवास पुढच्या शिक्षणासाठी घुर्यांकडेच आले. हा मराठी-कन्नड धागा आपण विसरलो आहोत.

श्रीनिवास १९४८ मध्ये म्हैसूरजवळच्या एका खेड्यात राहिले. पुस्तकात त्यांनी त्याला रामपुरा म्हटलं. १९७० मध्ये स्टॅनफर्डला लागलेल्या आगीत त्यांची वर्षानुवर्षं तयार केलेली टिपणं जळाली. त्यानंतर बरंचसं आठवणीवर विसंबून लिहिलेलं ‘द रिमेम्बर्ड व्हिलेज’ १९७६ मध्ये आलं. जो माणूस गावात राहिला होता, त्यालाच असं लिहिता आलं. उत्तरायुष्यात ते बंगळुरूत काम करत राहिले आणि १९९९ मध्ये तिथेच वारले.

आणि आजची पदवी? कर्नाटकात बीएला समाजशास्त्र बहुधा इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र यांच्या जोडीनं घेतात. २०२१ मध्ये चार वर्षांची पदवी आली, २०२४ मध्ये राज्य पुन्हा तीन वर्षांवर आलं. या उलथापालथीत दुर्खीम, मार्क्स, वेबर यांच्या नोट्स मात्र त्याच राहिल्या. स्पर्धा परीक्षेचा ‘ऑप्शनल’ म्हणून विषय घेणारे पुष्कळ. त्यांना दोष नाही. नोकऱ्या स्वयंसेवी संस्थांत, पाहणी-संशोधनात, पत्रकारितेत, शिक्षणात मिळतात. त्यांपैकी बऱ्याच ठिकाणी एमए लागतं, हे पालकांनी आधीच समजून घ्यावं.

मराठी विद्यार्थ्याला तर प्रकल्पाचा विषय घरातच मिळेल. शहाजीराजांच्या जहागिरीपासून बंगळुरूत मराठी माणूस आहे. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेली भावसार, नामदेव शिंपी कुटुंबं घरात मराठी बोलतात आणि कन्नड शाळांत शिकलेली असतात. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी आलेली पुण्या-नागपूरची कुटुंबं वेगळी. या दोन्ही गटांचा एकमेकांशी किती संबंध येतो, लग्नं कुठे जुळतात, गणपती कोण कुणाकडे बसवतं, याची उत्तरं ग्रंथालयात मिळणार नाहीत.

म्हणून मुलांनी समाजशास्त्र मागितलं तर अडवू नका. कॉलेज निवडताना इमारतीपेक्षा एवढंच विचारा की विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष पाहणीसाठी बाहेर नेतात का आणि त्याला गुण किती. शिवाय मुलांना कन्नड बोलायला शिकवा. त्याशिवाय येलहंक्याच्या गावठाणातला माणूस त्यांना मनातलं काही सांगणार नाही.