संगणकाच्या स्मृतीचा वेग : किती घ्यावा व कसा लावावा ?

सुटे भाग जुळवून घरच्या घरीं संगणक तयार करावयाचा, असा बेत पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांत होतो. देवगडसारख्या ठिकाणीं ह्या बेताचा विचार थोडा अधिक काळजीनें करावा लागतो. आंब्याच्या मोसमांतील जमाखर्च, पेट्यांच्या मागण्या, मुलांचा अभ्यास, घरांतील जुन्या फोटोंचा संग्रह, हीं सारीं कामें एकाच यंत्रावर व्हावयाचीं; आणि एखादा भाग बिघडला, तर तो बदलून आणण्यासाठीं घाट चढून कोल्हापूर गांठावें लागतें किंवा पार्सलाची वाट पाहत बसावें लागतें. म्हणून ‘सर्वांत वेगवान भाग कोणता ?’ ह्यापेक्षां ‘भरंवशाचा वेग कोणता ?’ हा प्रश्न आधीं विचारला पाहिजे. रॅमच्या, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीच्या, बाबतींत तर तो विशेषच लागू पडतो.

रॅमचें कार्य एका घरगुती दृष्टान्तानें चटकन् ध्यानांत येईल. कोठीच्या खोलींत वर्षाचें धान्य असतें, ती संगणकाची डिस्क. चुलीजवळच्या फळीवर रोजचे डबे असतात, ती रॅम. सैंपाक करणारे हात म्हणजे प्रोसेसर. फळी अपुरी असली तर पदार्थागणिक कोठींत खेप घालावी लागते. मग हात कितीहि चपळ असोत, पानें वेळेवर वाढलीं जात नाहींत. म्हणून पहिला नियम हा, कीं आधीं फळी पुरेशी मोठी असावी. डबे किती झपाट्यानें हातीं येतात हा विचार त्यानंतरचा. सामान्य घरकामास १६ जीबी पुरते. चित्रफितींचें संपादन किंवा इंजिनियरिंगचा अभ्यास करणारें कोणी घरांत असेल, तर ३२ जीबी घ्यावी.

ही फळी किती वाढली आहे हें पाहिलें म्हणजे कौतुक वाटतें. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं कार्यान्वित झालेल्या ‘टिफ्रॅक’ संगणकाची स्मृति चाळीस-चाळीस बिटांच्या २०४८ शब्दांची, म्हणजे आजच्या मापानें अवघी १० केबी होती. ३२ जीबी ही तिच्या सुमारें साडेतेहेतीस लक्ष पट ! परंतु स्मृतीचा मुख्य धर्म तेव्हां होता तोच आजहि आहे : जें ठेवलें तेंच परत मिळालें पाहिजे.

आतां वेगाकडे वळूं. खोक्यावर ‘डीडीआर५-६०००, सीएल३०’ असे आंकडे छापलेले असतात. पहिल्या आंकड्याचा अर्थ असा, कीं प्रत्येक तारेवरून सेकंदास ६०० कोटि वेळां देवघेव होते. दुकानांत ह्यासच ६००० मेगाहर्ट्झ म्हणतात. वस्तुतः घड्याळाचे ठोके ३००० मेगाहर्ट्झचेच असून दर ठोक्यास दोनदां देवघेव होते. म्हणून एखाद्या प्रोग्रामनें ३००० दाखविले तर फसगत झाली असें समजूं नये. दुसरा आंकडा, मागणी केल्यापासून माहिती येऊं लागेपर्यंत किती ठोके थांबावें लागतें, तें सांगतो. ह्या आंकड्यास २००० नें गुणून पहिल्या आंकड्यानें भागिलें म्हणजे खरी प्रतीक्षा नॅनोसेकंदांत निघते. ६०००, सीएल३० ची प्रतीक्षा १० नॅनोसेकंद. ६०००, सीएल३६ ची १२. आणि ५६००, सीएल४६ ची सोळाहून किंचित् अधिक. गंमत अशी, कीं जुन्या डीडीआर४-३२००, सीएल१६ ची प्रतीक्षाहि १० च आहे ! तात्पर्य, केवळ मोठ्या आंकड्यावर भुलूं नये. दोन्ही आंकडे एकत्र वाचावे.

एएमडीच्या रायझेन ७००० व ९००० मालिकांतील प्रोसेसरांस ६००० हा वेग चांगला मानवतो. त्यापुढें गेल्यास स्मृतीचें नियंत्रण करणारा विभाग बहुधा अर्ध्या गतीवर येतो, आणि वाढीव खर्चाचें चीज होत नाहीं. इंटेलचे कांहीं प्रोसेसर ह्याहून अधिक वेग पेलतात. पण घरगुती कामांत तो फरक क्वचितच जाणवतो. मात्र स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड घ्यावयाचें नसेल, तर चित्रें रेखाटण्याचें कामहि रॅमवरच चालतें, आणि तेथें वेगाचा लाभ स्पष्ट दिसतो.

एक मोठी पट्टी घेण्यापेक्षां एकाच खोक्यांतील दोन सारख्या पट्ट्या घ्याव्या. ६००० ची एक पट्टी सेकंदास ४८ जीबी वाहते. दोन पट्ट्यांना दोन वाटा मिळून ९६ होतात. चार पट्ट्यांचा मोह मात्र टाळावा. रायझेन ७००० वर चार पट्ट्या बसविल्यास अधिकृत वेग ३६०० वर उतरतो. मदरबोर्डाच्या चार खांचांपैकीं प्रोसेसरकडून दुसरी व चौथी खांच बहुधा वापरावयाची असते. समुद्रकांठच्या घामट हवेंत पट्टीच्या सोनेरी कडेस बोट लावूं नये. ती दोन्ही टोकांस धरावी.

पट्ट्या बसविल्या म्हणजे काम संपलें, असें मात्र नाहीं. ६००० ची रॅमहि प्रथम ४८०० किंवा ५६०० च्या सावध वेगानेंच चालते. दाम मोजलेला वेग हवा असेल, तर बायोसमध्यें जाऊन एएमडीसाठीं ‘एक्स्पो’ किंवा इंटेलसाठीं ‘एक्सएमपी’ चालू करावें लागतें. त्यानंतरच्या पहिल्या आरंभीं पडदा कांहीं मिनिटें काळाच राहूं शकतो. यंत्र त्या वेळीं स्मृतीची जुळवणी करीत असतें. घाबरून बटण दाबूं नये. पावसाळ्यांत वीज वारंवार जाते अशा घरीं हें काम यूपीएसवरच करावें.

एक्स्पो किंवा एक्सएमपीचा वेग हा प्रोसेसरच्या अधिकृत मर्यादेपलीकडचा असूं शकतो. म्हणून ‘मेमटेस्ट८६+’ हा विनामूल्य प्रोग्राम पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवावा. एक जरी चूक आढळली, तरी ती परीक्षा नापास समजावी, वेग ५६०० वर आणावा व पुन्हा तपासावें. मूळच्या सावध वेगावरहि चुका होत असतील, तर बहुधा पट्टीच सदोष असते. ती हमीच्या मुदतींत परत करावी. ह्या कसोटीचा कंटाळा करूं नये, कारण रॅमची चूक ओरडून सांगत नाहीं. हिशेबांतील एखादा अंक निमूटपणें बदलतो, एखादा फोटो बिघडून डिस्कवर जातो, आणि वर्षानंतर तो उघडतांना तें कळतें. डीडीआर५ च्या चिपांत आंतल्या आंत दुरुस्तीची सोय आहे खरी. पण चिपेपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवरील चुका तिनें पकडल्या जात नाहींत.

शेवटीं पैशाची बाजू. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांची मागणी वाढल्यामुळें २०२५ च्या उत्तरार्धांत रॅमच्या किंमती भराभर चढल्या, आणि मायक्रॉननें डिसेंबर २०२५ मध्यें ‘क्रूशियल’ ह्या नांवाखालील आपला किरकोळ व्यापार बंद करण्याचें जाहीर केलें. अशा बाजारांत शेवटच्या दोनचार टक्के वेगासाठीं जादा रक्कम मोजण्यापेक्षां ती पुरेशी जीबी, चांगली हमी व यूपीएस ह्यांवर खर्चणें हेंच शहाणपणाचें. ऐन आंब्याच्या घाईंत डोळ्याच्या पात्याच्या सहस्रांशानें उशीर झाला, तर घरांत कोणास कळणारहि नाहीं. पण पेट्यांचा आंकडा चुकला, तर तो साऱ्या घरास कळेल.