गंजणाऱ्या पोलादाची बाजू

वेसाव्याच्या बाजारात सुरमई विकत घेतली की पुढचे काम थांबून पाहावे. कोळीण पायाने विळीचा पाट दाबून धरते आणि दोन्ही हातांनी मासा पात्यावर ओढते; आधी पर, मग पोट, मग एका जाडीच्या तुकड्या. मणका चिवट निघाला तर कोयत्याचा एक घाव. पाते काळपट, डागाळलेले असते, फक्त धारेची बारीक कड तेवढी लखलखते. मटणाच्या दुकानात चिंचेच्या ओंडक्यावर चालणारा सत्तूरही बहुधा याच जातीचा. अंधेरी-बोरिवलीच्या घरांतून मात्र हे काळे पोलाद जवळजवळ हद्दपार झाले आहे. स्टेनलेसची सुरी गंजत नाही, या एका गुणावर तिने ओटा जिंकला. ज्या घरात दर आठवड्याला मासळी-मटण येते, त्या घराची यात गैरसोयच झाली, असे माझे ठाम मत आहे.

याचे कारण पोलादातल्या कार्बनमध्ये आहे. निव्वळ लोखंड मऊ असते. त्यात साधारण अर्धा ते एक टक्का कार्बन असला आणि लालबुंद तापवून ते तेलात किंवा पाण्यात बुडवले, की ते कडक होते. लोहार याला 'पाणी देणे' म्हणतात. नुसते पाणी दिलेले पाते काचेसारखे तडकते, म्हणून ते पुन्हा दोनशे अंशांच्या आसपास हलके तापवून त्याचा ठिसूळपणा काढतात. रस्त्याकडेला भाता मांडणारे घिसाडी ट्रकचा जुना कमानपाटा तोडून कोयते घडवतात. त्या पोलादात कार्बन अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त असतो, शिवाय ते धक्के सोसणारे असते. हाडावर घाव घालायला तेच हवे.

स्टेनलेसला कमी लेखायचे कारण नाही. १९१३ मध्ये शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने सुमारे तेरा टक्के क्रोमियमचे पोलाद तयार केले, तेव्हा धार न लागणाऱ्या सुऱ्यांचा जनक म्हणून त्याची हेटाळणी झाली होती. आज उत्तम स्टेनलेसही कडक असते आणि धार टिकवते, हे मान्यच. पण त्याला किंमत पडते. स्वस्तातल्या सुरीचे पोलाद बहुधा मऊ ठेवलेले असते. तिची धार दुमडते, मग बोंबील चिरण्याऐवजी चेंगरला जातो. बोथट सुरीवर जोर द्यावा लागतो, आणि जोर दिलेली सुरी घसरून बोटावर येते.

मुंबईच्या दमट हवेत गंज कोण सांभाळणार, हा आक्षेप मात्र खरा आहे. खारे पाणी आणि लिंबू-कोकमाचा आंबटपणा पात्याला लगेच डागतो. भांड्यांच्या ढिगात ओले राहिलेले पाते सकाळपर्यंत तांबूस होते. त्यावरचा उपाय एका मिनिटाचा आहे. काम संपताच धुवा, कोरडे पुसा, खोबरेल तेलाचे बोट फिरवा. हळूहळू चढणारी काळसर छटा म्हणजे घाण नव्हे. तिच्यामुळे पुढचा गंज थोडा मंदावतो. तांबूस भुकटी दिसली तर ती मात्र घासून काढलीच पाहिजे. खाली बसून चिरणे गुडघ्यांना झेपत नसेल तर विळीचा हट्टही नको, त्याच पोलादाची सुरी ओट्यावर चालते. विकत घेताना चुंबक लावून पाहू नका, कारण सुऱ्यांचे स्टेनलेसही बहुधा चुंबकाला चिकटते. लिंबाचा थेंब काही मिनिटे ठेवा. साध्या पोलादावर करडा डाग उमटतो.

या पात्याचा मोठा गुण म्हणजे ते साध्या दगडावर, घरच्या घरी पुन्हा धारदार होते. मुलुंड-घाटकोपरच्या गल्ल्यांत सायकल स्टँडवर लावून पॅडलने चाक फिरवणारे धारवालेही ते करून देतात. फक्त त्यांना मधूनमधून पाणी लावायला सांगा. कोरड्या चाकावर ठिणग्या उडत राहिल्या आणि कड निळी पडली, तर लोहाराने दिलेले पाणी तिथे उतरले असे समजा. तेवढा भाग मऊ झाला. माळ्यावर वर्तमानपत्रात गुंडाळलेली आजीची विळी असेल, तर लोखंडाच्या भावाने भंगारात देण्याआधी ती एकदा धारवाल्याकडे न्या.