थंडीत ट्रक का अडतो?

ऊसतोडीचा हंगाम आणि कडाक्याची थंडी एकाच वेळी येतात. बीड जिल्ह्यातील धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतून हजारो कोयते दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे रवाना होतात. जिल्ह्यातील कारखान्यांचे गाळपही याच काळात चालते. फडात भरलेला ट्रक पहाटे सुरू झाला नाही, तर चालकाची खेप बुडतेच. शिवाय मजुरी टनावर असल्याने टोळीची कमाई अडते आणि तोडलेला ऊस वाळून वजनाला घटतो.

अशा वेळी चालकाच्या तोंडी हमखास एक निदान असते : 'डिझेल गोठले'. बीडपुरते ते बहुधा चुकीचे असते. डिझेलमध्ये मेणासारखे घटक असतात. फार थंडीत त्यांचे कण होऊन फिल्टर तुंबतो, हे खरे. परंतु भारतीय मानकांनुसार हिवाळ्यात विकले जाणारे डिझेल सुमारे ६ अंश सेल्सिअसपर्यंत फिल्टरमधून वाहिले पाहिजे, आणि बीडमधील पारा त्याखाली क्वचितच उतरतो. लडाखची गोष्ट निराळी. तेथे उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास डिझेल इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उपलब्ध केले. बीडमध्ये शंका घ्यायचीच, तर ती उन्हाळ्यापासून पिंपात साठवलेल्या डिझेलची घ्यावी, कारण उन्हाळी डिझेलची मर्यादा १८ अंशांची असते.

मग ट्रक अडतो कशाने? डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या हवा दाबतो, दाबाने हवा तापते आणि त्या उष्णतेवर डिझेल पेटते. यासाठी इंजिन पुरेशा वेगाने फिरावे लागते. थंडीत नेमका हा वेग घटतो : वंगण घट्ट होते, बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते आणि सिलिंडरच्या थंड भिंती हवेतील उष्णता शोषून घेतात. उन्हाळ्यात झाकून गेलेला दोष अशा पहाटे उघडा पडतो.

तपासणी म्हणूनच बॅटरीपासून सुरू करावी. बहुतेक ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट मिळवलेले असतात; त्यातील एक थकली की दुसरीचाही उपयोग होत नाही. विश्रांत अवस्थेत प्रत्येकी १२.६ व्होल्टच्या आसपास दाब असावा. सेल्फ मारताना दिवे अगदी मंद झाले किंवा नुसती टकटक ऐकू आली, तर आधी टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर काढावा आणि चासीकडे जाणारी अर्थिंगची वायर आवळावी. नवी बॅटरी घेण्याचा खर्च कित्येकदा एवढ्यानेच वाचतो. सेल्फ सलग दहा-पंधरा सेकंदांहून अधिक मारू नये. मध्ये अर्धा-एक मिनिट थांबावे.

इंजिन जोमाने फिरते, तरी पेटत नाही? मग सायलेन्सरकडे पाहावे. पांढरा धूर येत असेल, तर डिझेल सिलिंडरात पोहोचते आहे, पण जळत नाही. हीटर प्लग असल्यास तो, नसल्यास नोझल किंवा झिजलेल्या रिंगांमुळे घटलेले कॉम्प्रेशन हे संशयित. धूर मुळीच नसेल, तर डिझेलच पोहोचत नाही. रात्रभरात एखाद्या सैल जोडातून लाइनने एअर पकडलेली असते, किंवा फिल्टरमध्ये पाणी साचलेले असते. जुन्या गाड्यांत हँड पंप मारून, फिल्टरवरील स्क्रू ढिला करून फेस संपेपर्यंत एअर काढता येते. एअर रोजच धरत असेल, तर जोडाचा वॉशर बदलणेच बरे.

टाकीखाली टेंभा धरण्याचा किंवा हवेच्या नळीपाशी पेटता बोळा नेण्याचा प्रकार काही ठिकाणी अजूनही चालतो. उसाच्या पाचटात उभ्या असलेल्या गाडीला असे करणे म्हणजे आगीला निमंत्रणच.

हंगामापूर्वी २०-डब्ल्यू-४० ऐवजी, कंपनीची शिफारस असल्यास, १५-डब्ल्यू-४० वंगण घालता येते. पहिला आकडा लहान, तितके ते थंडीत पातळ. टाकी संध्याकाळीच भरावी, म्हणजे रिकाम्या जागेतील दमट हवेचे रात्रीतून पाणी होत नाही. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत मात्र नोझलच्या नळ्या स्वतः सोडू नयेत. त्यांतील दाब एक हजार बारहून अधिक असू शकतो आणि त्या दाबाची डिझेलची धार कातडीतून आत शिरते.